चतुर रोज दिसतात, पण त्यांची पिल्लं कुठे आहेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगोल्याकडे तुमची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आहे. जूनपासून तळ्यावर रोज चतुर फिरताना दिसतात. मादी शेपटी पाण्याला टेकवते, तेही तुम्ही मोबाइलवर टिपलंय. पण पिल्लं कुठे दिसली नाहीत, कडेच्या गवतात शोधूनही कोष सापडला नाही, आणि पाण्यातून चतुर बाहेर येताना एकदाही बघायला मिळालं नाही. सातवीतल्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी हे सगळं दाखवायचंय. तर कधी जायचं, कुठे बघायचं आणि घरी टबात चतुर वाढवता येतात का, असं तुम्ही विचारलंत.

कोष शोधणं आजच थांबवा. फुलपाखरासारखा कोष चतुराच्या आयुष्यात नसतोच. अंड्यातून अळी निघते, ती पाण्यातच राहते आणि वाढता वाढता दहा-बारा वेळा कात टाकते. जातीनुसार हा आकडा कमीजास्त होतो. शेवटच्या वेळी ती पाण्याबाहेर चढते आणि त्या कातीतून थेट पंखवाला चतुर निघतो. मधे निपचित पडून राहण्याची अवस्था नाही. टाचण्यांचंही असंच. टाचणी म्हणजे चतुराची बारीक अंगाची बहीण, बसल्यावर बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून घेणारी. तुमच्या तळ्यावर त्याही असणार, फक्त त्या पाण्यालगत खाली उडतात म्हणून नजरेतून सुटतात.

आता खरी अडचण. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दहा-अकरा वाजता, ऊन तापल्यावर तळ्यावर जाता आणि हवेत बघता. त्या वेळी तिथे जे चालू असतं ते प्रौढ चतुरांचं जग: नर जागा राखतात, माद्या येतात, अंडी घालून जातात. चतुराच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि पाण्यातून बाहेर येण्याचं काम बहुतेक जाती अंधारात उरकतात. म्हणजे तुम्ही बघताय ते बरोबर आहे, पण जे बघायचंय त्याची वेळ आणि जागा वेगळी आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि चांगले अनुभवी निरीक्षकही ती विसरतात. एखाद्या पाण्यावर चतुर उडतोय, इतकंच काय तिथे अंडी घालतोय, यावरून तो तिथे जन्मतो हे ठरत नाही. त्याचा पक्का पुरावा एकच, पाण्याकाठी चिकटलेली रिकामी कात. मी कुठल्याही तळ्यावर गेलो की उडणाऱ्या चतुरांची यादी नंतर करतो, आधी काठावर वाकून काती शोधतो. तुमच्या मुलीनेही सुरुवात तिथूनच करावी.

तुमच्या तळ्यात काती सापडतील की नाही, हे मात्र मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे. तळं किती जुनं आहे? नव्या अस्तरावर तळाशी गाळ नसतो, शेवाळ नसतं, लपायला जागा नसते. दोन-तीन पावसाळे गेलेल्या तळ्यात खाली गाळाचा थर बसतो आणि अळ्यांना आसरा मिळतो. मासे सोडलेत का? चिलापी किंवा गप्पी असतील तर अळ्या वाचणं अवघड, विशेषतः टाचण्यांच्या आणि उघड्यावर फिरणाऱ्या अळ्या. शेवाळ मारायला मोरचूद टाकता का? त्यातलं तांबं पाण्यातल्या बारीक जिवांना फार लवकर बाधतं, आणि अळी जगली तरी तिचं खाद्य मरतं. बागेतल्या फवारणीचं पाणी किंवा तुषार तळ्यात येतात का? भाताच्या रोपांना इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल दिल्यावर खाचरातल्या चतुरांच्या अळ्यांवर काय परिणाम होतो, याचा जपानमध्ये चांगला अभ्यास झाला आहे आणि निष्कर्ष काळजी वाटावी असेच आहेत. यातलं पहिलं औषध आपल्याकडे बागांवर सर्रास मारलं जातं, तेव्हा वारा तळ्याकडे असताना फवारणी टाळता आली तर जरूर टाळा.

आणि अस्तर स्वतःच एक घोटाळा करतं. चतुर पाणी ओळखतो ते त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या एका खास गुणावरून. सपाट पाण्यावरून येणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच हलतात, आणि चतुराच्या डोळ्याला हा फरक कळतो. पण काळं चकचकीत प्लास्टिक, गाडीचं बॉनेट, सौर पॅनेल यांच्यावरूनही अगदी तसाच प्रकाश येतो, कधी कधी पाण्यापेक्षाही ठळक. म्हणून माद्या गाडीच्या टपावर शेपटी आपटताना दिसतात. तुमच्या तळ्यात पाणी खाली गेलं असेल तर वरच्या कोरड्या प्लास्टिकवरही त्या अंडी टाकत असतील, आणि ती अंडी उन्हात वाया जातात. तुमचा व्हिडिओ परत एकदा बघा: मादी पाण्याला टेकतेय की पाण्याच्या कडेच्या उघड्या प्लास्टिकला?

व्हिडिओ उघडलाच आहे तर आणखी एक बघा. मादी एकटी आहे, की नराने तिला मानेपाशी पकडून ठेवलंय आणि जोडी मिळून पाण्यावर टेकतेय? जोडी असेल आणि अंग सोनेरी-पिवळं असेल तर ती बहुधा पँटाला फ्लॅवेसेन्स. पावसाळ्यात माळावर, शेतावर, रस्त्यावर थव्याने तरंगत राहणारा, क्वचितच बसणारा चतुर तो हाच. बसलाच तर काडीला उभा लटकतो. मादी एकटी असेल आणि नर वरच्या वर घिरट्या घालत पहारा देत असेल, तर ऑर्थेट्रम सबिना किंवा क्रोकोथेमिस सर्विलिया यांच्यापैकी कोणी असू शकेल. पहिला हिरवट अंगावर काळे पट्टे असलेला, मधेच अगदी सडपातळ. दुसऱ्याचा नर लालभडक. आणि मादी उडता उडता न टेकता एखाद्या काडीवर बसून शेपटीचं टोक त्या काडीत खुपसत असेल, तर ती टाचणी आहे किंवा अ‍ॅनॅक्ससारखा मोठा चतुर. त्यांना अंडी घालायला वनस्पतीचा मऊ भाग लागतो. अस्तराच्या तळ्यात पाणवनस्पती नसतात, त्यामुळे तिथे मुख्यतः पाण्यावर अंडी सोडणारे चतुरच टिकतात. गावच्या जुन्या तळ्यात जातींचं वैविध्य जास्त दिसतं त्याचं हे एक मोठं कारण.

नर पहारा का देतो, हे मुलीने विचारलं तर खरं उत्तर द्या, ते फार विलक्षण आहे. 1979 मध्ये अमेरिकेत एका टाचणीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की नर आपलं बीज देण्याआधी मादीच्या अंगात आधीच्या नराचं साठलेलं बीज बाहेर काढतो. म्हणजे शेवटी आलेल्याचीच पिल्लं होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग अंडी घालून होईपर्यंत मादीला दुसऱ्या कोणी पळवू नये, हाच त्या पहाऱ्याचा आणि मान धरून ठेवण्याचा अर्थ. तळ्यावरची निम्मी पळापळ एवढ्या एका गोष्टीतून उलगडते.

पँटालाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्यासारख्या अवर्षणी भागात चतुरांची गोष्ट खरं तर त्याचीच आहे. पावसाने भरलेली डबकी काही आठवड्यांत, फार तर दोन महिन्यांत आटतात, आणि हा प्राणी नेमका त्याच डबक्यांसाठी घडलेला आहे. कोमट पाण्यात, खायला भरपूर असेल तर त्याची अळी सहा-सात आठवड्यांत पूर्ण वाढते. थंड प्रदेशातल्या काही चतुरांना याच कामाला दोन-तीन वर्षं लागतात. डबकं आटायच्या आत पंख फुटले की वाऱ्याबरोबर पुढच्या पावसाकडे निघायचं, ही त्याची रीत. चार्ल्स अँडरसन हे मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ. तिथल्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत, तरी दर ऑक्टोबरपासून लाखोंनी चतुर येतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं नोंदवलं. 2009 मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, मालदीव आणि सेशेल्सवरून ईशान्य वाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेत पोचतात, आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येतात. सगळा फेरा धरला तर 14,000 ते 18,000 किलोमीटर, आणि तो एकाच चतुराने पुरा केलेला नसतो, काही पिढ्या मिळून होतो. तुमच्या बागेवर ऑगस्टमध्ये तरंगणाऱ्या थव्यातले किती तिथेच जन्मले आणि किती बाहेरून आले, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच काती शोधायच्या.

आता अळ्या कशा बघायच्या ते. एक मोठी पिठाची चाळणी किंवा मच्छरदाणीच्या कापडाची घरगुती जाळी, आणि एक पांढरा ट्रे किंवा पांढरी प्लास्टिकची पाटी, एवढं पुरतं. शेततळ्यात मधे जायचं नाही, त्याबद्दल खाली लिहितो. कडेचा गाळ आणि शेवाळ हलक्या हाताने ओढून घ्या, ट्रेमध्ये तळ्याचंच पाणी घेऊन त्यात सोडा आणि दोन मिनिटं गप्प बसा. गाळ खाली बसला की हालचाल दिसायला लागते. चतुराची अळी मातकट, बुटकी, सहा पायांची, पाठीवर पंखांचे छोटे खवले असलेली. तिला काडीने डिवचलंत तर ती शेपटीकडून पाणी जोरात मागे फेकून पुढे सटकते; तिचे कल्ले आतड्याच्या मागच्या भागात असतात आणि श्वासाचं तेच पाणी तिला पळायलाही कामी येतं. टाचणीची अळी बारीक, काडीसारखी, शेवटाला तीन पानांसारखे पसरट कल्ले. इथे एक गफलत होते: मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका किड्याच्या पाण्यातल्या अळीलाही मागे बहुधा तीन शेपट्या असतात, पण त्या दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची फडफड दिसते. टाचणीच्या पोटाच्या बाजूंना आपल्याकडच्या नेहमीच्या जातींत तसलं काही नसतं.

शक्य झालं तर अळी खाताना मुलीला दाखवाच. तिचा खालचा ओठ कोपरात दुमडून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो जेसीबीच्या हातासारखा झटक्यात पुढे जातो, टोकाचे दोन आकडे सावज धरतात आणि तोंडाशी आणतात. हे इतकं जलद होतं की डोळ्याला फक्त सावज नाहीसं झालेलं कळतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मात्र छान दिसतं.

पाण्याबाहेर येण्याची वेळ जवळ आली की अळी स्वतःच सांगते. पंखांचे खवले फुगतात, डोळे मोठे आणि काचेसारखे दिसायला लागतात, खाणं बंद होतं. ती काठाच्या उथळ पाण्यात येऊन डोकं पाण्याबाहेर काढून बसते, कारण आता ती हवेत श्वास घ्यायला लागलेली असते. अशी अळी दिसली की पुढच्या एक-दोन रात्री महत्त्वाच्या.

घडतं ते असं. सूर्य मावळून तास-दोन तास झाल्यावर अळी काडीवर, दगडावर, भिंतीवर चढते आणि पायांची पकड घट्ट करते. या वेळी तिला धक्का लागला किंवा काडी हलली तर ती सरळ पाण्यात परत जाते, म्हणून लांब थांबायचं आणि बॅटरी तिच्यावर मारायची नाही. मग पाठ मधोमध उकलते. आधी छाती आणि डोकं बाहेर, मग पाय. त्यानंतर बहुतेक जातींत चतुर मागे, डोकं खाली करून लटकतो आणि बराच वेळ हलतच नाही. नवखा बघणारा इथे समजतो की तो मेला. पाय टणक होण्याची वाट तो बघत असतो. अर्ध्या तासाने कधी तरी तो एकदम उसळी घेऊन वर वळतो, आपल्याच रिकाम्या कातीला धरतो आणि शेपटी ओढून काढतो. पंख तेव्हा चुरगळलेले असतात, अंगातलं द्रव शिरांमध्ये सोडून तो ते ताणतो. पंख दुधाळ दिसतात, हळूहळू पारदर्शक होतात. शेपटी लांबते, तिच्या टोकातून थेंब गळतात. पहाटेपर्यंत तो उडायला तयार.

या सगळ्या काळात त्याला हात लावायचा नाही. पंख ओले असताना एक बोट लागलं तरी ते वाकडे सुकतात आणि तो चतुर कधीच नीट उडत नाही. वारा, पाऊस, मुंग्या यांनीही अनेक जण जातात, पहाटे उजाडल्यावर कोतवाल आणि वेडा राघू तर टपूनच असतात. रात्रीची वेळ निवडण्यामागे हेच कारण. टाचण्या मात्र बऱ्याचदा सकाळी आठ-नऊनंतर उजेडात बाहेर येतात आणि त्यांचं काम लवकर उरकतं, त्यामुळे लहान मुलांना दाखवायला त्या सोयीच्या. नदीकाठच्या दगडांवर निघणाऱ्या गोम्फिड कुळातल्या चतुरांचंही असंच, आणि ते मागे लटकत नाहीत, उभ्यानेच बाहेर येतात.

मुलीला रात्रभर जागवायची गरज नाही. पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ धरा. निघालेले चतुर तेव्हा कातीशेजारीच पंख वाळवत बसलेले असतात, पंखांवर नवी चकाकी असते, आणि थोडा उजेड आला की पहिली, डळमळती भरारी घेऊन ते पाण्यापासून लांब झाडोऱ्यात जातात. रंग पक्के व्हायला त्यांना पुढे काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून क्रोकोथेमिसचा कोवळा नर लाल नसतो, मादीसारखाच पिवळा दिसतो; तेव्हा नर-मादी ठरवताना रंगावर जाऊ नका. बाजूने फोटो काढा आणि पोटाच्या सुरुवातीला, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाच्या खाली बघा. तिथे उंचवटा असेल तर नर.

म्हणजे क्रम असा झाला: आधी काती, मग चाळणीने अळ्या, मग काठाशी डोकं काढून बसलेली अळी दिसली की त्या रात्रीनंतरची पहाट.

महिना कोणता, हे पाणी कधी आलं त्यावर ठरतं. तुमच्या भागात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. डबकी आणि ओढे तेव्हा भरले तर पँटालासारख्या जातींच्या काती ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरात सापडतील. तळं बोअरच्या किंवा कॅनॉलच्या पाण्याने जूनमध्येच भरलं असेल तर ऑगस्टपासूनच शोधायला लागा. थंडी वाढली की सगळंच मंदावतं.

अस्तराच्या तळ्यात आणखी एक अडचण आहे. पूर्ण वाढलेल्या अळीला चढायला खरबरीत पृष्ठभाग लागतो आणि कोरडं प्लास्टिक निसरडं असतं. यावर सोपा उपाय आहे. तळ्याच्या कुंपणाच्या खांबाला गोणपाट बांधून त्याचं खालचं टोक पाण्यात सोडा, वर हात-दीड हात कोरडा भाग राहू द्या. काथ्याची जाड दोरीही चालते. खाली वजन हवं असेल तर दगड बांधू नका, वाळूची छोटी पिशवी बांधा; आणि बांबू खोचू नका, त्याचं टोक अस्तर फाडतं. अशी चार-पाच ठिकाणं केलीत की काती नेमक्या तिथेच मिळतात, सगळा काठ धुंडाळावा लागत नाही. पाऊस जोराचा झाला की काती धुऊन जातात, म्हणून रोज सकाळी एक फेरी.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. अस्तराच्या शेततळ्यात पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, दर वर्षी अशा बातम्या येतात. मुलीला एकटं पाठवू नका, तुम्हीही अंधारात एकटे जाऊ नका. उताराच्या प्लास्टिकवर पाय ठेवायचा नाही, जाळी लांब दांड्याची घ्या. गाठी मारलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायमची बांधून ठेवा. निरीक्षणासाठी नसली तरी ती हवीच. पायात बूट आणि हातात बॅटरी, कारण पाण्याकाठी बेडकांमागे साप येतात. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी तुम्हाला शेततळ्यापेक्षा गावचा पाझर तलाव किंवा माण नदीच्या काठचं उथळ, संथ पाणी सुचवेन. लव्हाळा आणि पाणकणीस असलेली कड शोधा, पाण्यापासून वीतभर ते दोन हात उंचीपर्यंत देठांवर बघा, पानांच्या खालच्या बाजूलाही. तिथे कात कशी दिसते हे एकदा डोळ्यात बसलं की तळ्यावर ती आपोआप दिसायला लागते.

टबाबद्दल. उघड्या टबात पाणी भरून चतुर येण्याची वाट बघणं मी सुचवत नाही. आपल्याकडे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा नावाचा राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा चतुर आहे, भिंतीवर चपटा बसला की दिसतच नाही, आणि तो सिमेंटच्या हौदात खरंच वाढतो. त्याचा एक भाऊबंद कोकणातून 2020 मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. पण चतुराच्या अळ्या मोठ्या होईपर्यंत डेंग्यूचे डास त्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होऊन उडून जातात. घराजवळ असं पाणी ठेवणं धोक्याचं आहे.

त्याऐवजी तळ्यातून पंखांचे खवले फुगलेल्या दोनच अळ्या आणा. दोघींना वेगवेगळ्या रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवा, एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते. पाणी तळ्याचंच, चार बोटं खोल. नळाचं घालायचंच तर दोन दिवस उघडं ठेवून मग. आत तिरपी, खरबरीत काडी, पाण्यावर किमान वीतभर येईल अशी, आणि काडीच्या वर पंख पसरायला मोकळी जागा. तोंडाला मच्छरदाणीचं कापड. खायला डासांच्या अळ्या द्या, पण एका दिवसात संपतील एवढ्याच. सावलीत ठेवा, ऊन लागलं तर थोडंसं पाणी लगेच तापतं. चतुर निघाला की पंख पूर्ण वाळेपर्यंत थांबा आणि त्याच सकाळी बरणी जिथून अळी आणली त्या काठच्या झुडपात नेऊन उघडा. हे सगळं स्वतःच्या शेतातल्या पाण्यापुरतं. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही. आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा जुना खेळ मुलीच्या मैत्रिणी खेळत असतील तर त्यांनाही ही कात दाखवा. अख्खी रात्र धोक्यात काढून तो प्राणी हवेत आलेला असतो, तो कुणाला डसत नाही, आणि दोऱ्याने त्याची शेपटी तुटते.

सापडलेल्या काती ओल्या असतील तर सावलीत वाळवा आणि काडेपेटीत कापसावर ठेवा, सोबत तारीख, जागा आणि पाण्यापासूनची उंची लिहिलेला कागद. पाठीच्या चिरेतून बाहेर डोकावणारे पांढरे दोरे म्हणजे श्वासनळ्यांचं अस्तर, ते बुरशी समजून काढून टाकू नका. नुसत्या कातीवरून जात ओळखणं अवघड असतं, कुळ मात्र बऱ्याचदा कळतं. म्हणून प्रत्येक कातीचे दोन फोटो काढा: एक वरून, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक तोंडाच्या खालच्या बाजूने, तो दुमडलेला ओठ दिसेल असा. ओठ खोलगट असून चेहरा झाकत असेल तर पँटाला, क्रोकोथेमिस यांचं कुळ. सपाट असून अंग लांब असेल तर अ‍ॅनॅक्सचं. उडणाऱ्या चतुरांची नावं जुळवायला ओडोनाटा ऑफ इंडिया हे संकेतस्थळ चांगलं आहे, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलेत तर ओळख पटवणारे लोक भेटतात. तळ्यात मासे आहेत का, मोरचूद शेवटचं कधी टाकलं, आणि व्हिडिओतली मादी एकटी होती की जोडीने, एवढं कळवा. त्यावरून गोणपाट कुठल्या कडेला बांधायचं ते सांगता येईल.